होत आलंय

सोमवार, ३ मार्च

वहिनींचा फोन. "काय शास्त्रीणबाई, कुठवर आलंय?"

"होत आलंय," मी म्हटलं.

गेल्या वर्षापासून हेच सांगते आहे. हा नेमका कोणता काळ, हे माझ्या एकाही विद्यार्थ्याने अजून विचारलं नाही म्हणून बरं. वर्तमान नाही, भूत नाही, भविष्याची हमी नाही. शुद्ध थाप!

दादा गेला आणि थोड्याच दिवसांत वहिनींनी त्याचे शर्ट आणून माझ्या पलंगावर ठेवले. "माझ्याच्याने यांवर कात्री चालवणार नाही. तू गोधडी कर. थंडीत अंगावर घेईन." ती थंडी गेली. पुढचीही गेली.

आज नवीनच कळलं — महिनाअखेरीस त्या भाचीकडे राहायला जाणार. दूर. कायमच्या. "जातानाच गोधडी घेऊन जाईन म्हणते." आवाजात तक्रार अजिबात नाही. तक्रार असती तर भांडता तरी आलं असतं!

मंगळवार, ४ मार्च

शिवणाचं कपाट उघडलं. कपाटाने मला पाहिलं, मी कपाटाला. बंद केलं.

बुधवार, ५ मार्च

आज धीर करून सगळं बाहेर काढलं. लेकीचा झगा — एकाच बाहीचा. ती म्हणते, "आई, माझा एक हात गळून पडला की अगदी मापात बसेल." ह्यांची विजार, खालची दुमड अजून टाचण्यांवर. हे ती तशीच घालून एकदा खुर्चीत बसले होते. एकदाच. शेजारणीच्या नातवासाठी घेतलेलं दुपटं — नातू आता सायकल चालवतो. आणि गोधडी.

संस्कृतात शिवलेल्याला 'स्यूत' म्हणतात, आणि पिशवीलाही 'स्यूत'च. विद्यार्थ्यांना पत्रांतून संस्कृत शिकवताना मी याचं फार कौतुक सांगायचे. कारण आज उमगलं. माझ्यासारखीच कुणी बाई असणार, जिचं शिवण जन्मभर पिशवीतच राहिलं!

मग युक्ती काढली. प्रत्येकाची वेगळी पिशवी, आणि काय राहिलंय त्याची चिठ्ठी वर टाचायची. 'बाही'. 'दुमड'. 'काठ'. गोधडीच्या उभ्या ओळी झाल्यात, आडव्या राहिल्यात, म्हणून 'आडवा टाका' लिहायला घेतलं. पण चिठोरं लहान, आणि व्याकरणकारांसारखी अर्धी मात्रा वाचवायची माझी जुनी खोड. नुसतं 'टाका' लिहिलं. एका शब्दात भागलं म्हणून खूश होऊन चहा प्यायले.

शिवलं काहीच नाही.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी गोधडी मांडीवर घेतली. निळ्या चौकड्यांच्या शर्टाचा खिसा मी तसाच ठेवलाय, शाईच्या डागासकट. दादा पेन टोपण न लावता खिशात खोचायचा. मी ओरडले की जोरात म्हणायचा, "पळा रे, व्याकरण आलं!"

सुई ओवली. ओवलेली सुई परत खोचून ठेवली.

खरं सांगायचं तर — इथे कोण वाचतंय! — हे उरकलं की दादाचं माझ्याकडे काही काम उरत नाही. तो यायचा बंद होईल असं काहीतरी वाटतं. वाटतं ते ठीक. पण माझ्या या कोवळ्या भावनेपायी दोन हिवाळे वहिनी कुडकुडल्या, त्याचं काय?

शनिवार, ८ मार्च

आज ह्यांनी सफाई काढली. मी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसले. दुपारी बाहेर येते तो सोफा मोकळा, जमीन दिसतेय! "वा!" म्हटलं. हे लाजले.

दाराच्या कडीला माझी मोठी कात्री, कापडात गुंडाळून अडकवलेली. वहिनींनी नेली होती. बेल न वाजवताच परत गेल्या वाटतं. बरंच झालं. कुठल्या तोंडाने दार उघडलं असतं?

रविवार, ९ मार्च

"अहो, गोधडीची पिशवी कुठंय?"

"टाकली."

"काय?"

"जुने कपडे नेणारी गाडी काल यायची होती ना? सकाळीच दाराबाहेर ठेवली. तूच तर लिहिलं होतंस."

"मी काय लिहिलं होतं?"

"टाका."

"ते नाम होतं!" मी किंचाळले. "टाका! सुईचा टाका!"

हे गार पडले. खुर्चीत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "तू मला अहो म्हणतेस. 'टाका' म्हणजे मलाच की! या घरात आणखी कुणाला तू 'टाका' म्हणणार?"

बरोबर आहे. मी ह्यांना अरे-तुरे करत असते, तर 'टाका' वाचून हे थबकले असते, निदान विचारायला तरी आले असते. सगळ्या जगाची नामं आणि क्रियापदं लाल शाईने दुरुस्त करते मी. आणि एका आदरार्थी आज्ञार्थाने माझ्या भावाचे शर्ट —

सोमवार, १० मार्च

ते कपडे जिथे निवडतात त्या गोदामात जाऊन आले. हेही आले, न सांगता. छतापर्यंत ढीग. निवडणारीला म्हटलं, "शर्टांच्या तुकड्यांची गोधडी, अर्धवट." ती म्हणाली, "शनिवारच्या गाडीतला माल हा सगळा. बघा तुम्हीच." निळं दिसेल ते ओढत होतो. हे घामाघूम. एकदा ह्यांनी "सापडलं!" म्हणून हात वर केला — टेबलक्लॉथ होता.

परतताना रागवायला मला माणूसच सापडेना. चिठ्ठी माझी, अक्षर माझं, आळस तर मूळचाच माझा.

मंगळवार, ११ मार्च

वहिनींचा फोन. "कुठवर आलंय?"

आता सांगायचं, असं ठरवून रिसीव्हर उचलला होता. तोंडातून निघालं — "होत आलंय."

जे नाहीच, ते होत आलंय! आजवर निदान अर्धी थाप होती.

त्या म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं.

शुक्रवार, १४ मार्च

ह्यांनी स्वतःचा निळा शर्ट कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. "दादाचा असाच होता ना? चौकडे जरा मोठे आहेत. पण कोण बघतंय?" मागोमाग आणखी दोन आणले. त्यातला एक ह्यांचा फार आवडता. मला रडू आलं, म्हणून मी रागावले.

रविवार, १६ मार्च

लाज वाटते लिहायला. आज त्या शर्टांचे तुकडे कापले. खिसा वेगळा काढला. शाईची दौतसुद्धा शोधली — डाग पाडायला!

पेन हातात धरून थांबले. वहिनींनी दादाच्या प्रत्येक शर्टाला स्वतः इस्त्री केली आहे. तो डाग घालवायला लिंबू, मीठ, दूध, सगळं करून बसल्या आहेत. त्या डागाचा आकार त्यांना तोंडपाठ असणार. आणि समजा, नाही ओळखला? मग तर फारच वाईट. नवऱ्याचा म्हणून माझ्या नवऱ्याचा शर्ट अंगावर घेऊन झोपतील, आणि मी इथे निवांत!

दौत कपाटात. उद्या जाऊन सांगते.

सोमवार, १७ मार्च

गेले नाही. लेकीच्या झग्याला बाही लावली.

बुधवार, १९ मार्च

आजही नाही. विजारीची दुमड घातली. दुपट्याला काठ लावून शेजारणीला नेऊन दिलं. ती उलटसुलट बघत म्हणाली, "हे आता त्याच्या सायकलीला घालते." लेक दोन्ही हात झग्यात घालून आरशापुढे उभी. "आई, तू बरी आहेस ना?"

कपाट रिकामं झालं. सगळं केलेलं, शिवलेलं, संपवलेलं — भूतकाळाची नुसती रेलचेल! जे करायचं होतं तेवढंच नाही. हे माझ्याकडे बघतात आणि बघून न बघितल्यासारखं करतात.

शनिवार, २२ मार्च

गेले. दारातच, चपला काढायच्या आधी बोलून मोकळी झाले. "वहिनी, गोधडी नाही. चुकून टाकली गेली. फोनवर खोटं बोलले."

त्या आत वळल्या. मी मागोमाग. पलंगावर दादाचे निळे चौकडे पसरलेले. शाईच्या डागाशेजारी सुई खोचलेली. कोपऱ्यात माझी चिठ्ठी, टाचणीसकट.

"कात्री द्यायला आले तर पिशवी दाराबाहेर," वहिनी म्हणाल्या. "मलाही तू अहोच म्हणतेस. म्हटलं, उरलेलं शिवायला मलाच सांगितलंय. टाका, तर टाका."

"मग फोनवर का नाही बोललात?"

"तू कधी बोलतेस, ते बघत होते."

त्या पलंगावर जरा सरकल्या. सुई माझ्याकडे केली. मी बसले. सुई घेतली आणि विचारलं, "कुठवर आलंय?"

चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "होत आलंय."