खारकेएवढा दगड

४ जानेवारी

— आणि शेवटची बॅग लिफ्टच्या दारात अडकली. आई बाहेरून ढकलत होती, इरा आतून ओढत होती, मी बटण दाबून उभी. वॉचमन राहिल धावत आला आणि यल्ला यल्ला, चला चला, करत त्यानं तिघींना बॅगेसकट आत कोंबलं. आम्ही पाचव्या मजल्यापर्यंत हसत होतो.

दुबईपलीकडचं हे फुजैराचं घर छान आहे. खिडकीतून समुद्र, समुद्रात नांगरलेली तेलाची जहाजं. शैलेंद्र त्यातल्या एखाद्यावर असता तर इथूनच पोळीभाजी पाठवली असती, आई म्हणाली. नवऱ्याचं जहाज सध्या ब्राझीलकडे आहे. मार्चशिवाय तो यायचा नाही. तोवर मी नवी नोकरी करणार आणि आई इराला सांभाळणार.

इरा सात वर्षांची. आजी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. आईनं आज जेवताना जाहीर केलं, की हिच्या तोंडून मराठी काढल्याशिवाय मी परत जायची नाही, व्हिजा संपला तरी. इरा म्हणाली, "चॅलेंज अ‍ॅक्सेप्टेड, आजी."

७ जानेवारी

साइट पाहिली. गावापासून पाऊण तास डोंगरात, कोरड्या ओढ्याच्या वर एक कबर आहे. चुन्याचा लांबट ओटा, भोवती कमरेएवढी भिंत. आत कोण हे नक्की कोणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं व्यापारी, कुणी म्हणतं साधुपुरुष. ज्यू लोक फार जुनं स्थान मानतात आणि हल्ली लांबून दर्शनाला येतात. माझं काम पायवाट, सावलीचं छप्पर आणि हात धुवायचे नळ. कबरीवरून निघताना ते हात धुतात.

फुलं नाहीत, उदबत्ती नाही. प्रत्येक जण एक खडा ओट्यावर ठेवतो. आलो होतो, एवढं आतल्याला कळावं म्हणून. ओटा खड्यांखाली दिसत नाही.

ठाण्याच्या हन्नाबाई झिराडकर भेटल्या. मूळच्या अलिबागकडच्या, मराठी ज्यू. मुलीकडे दुबईला असतात आणि पाहुण्यांना इथं घेऊन येतात. माझं आडनाव ऐकून म्हणाल्या, म्हणजे कोकणस्थ, मग चहात साखर मोजूनच घालशील. फार दिवसांनी असं कुणी मराठीत टोमणा मारला.

१४ जानेवारी

आई काल गेली. दुपारी, सोफ्यावर, इराला गोष्ट सांगताना. इराला वाटलं आजी विसरली पुढची गोष्ट.

शारजाच्या स्मशानात मीच अग्नी दिला. पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर होते. मडक्याला भोक पाडलं तो दगड, अश्मा, जपून ठेवायला सांगितलं. खारकेएवढा, काळपट. दहाव्यापर्यंत आई त्यात आहे असं समजायचं. रोज तिळाचं पाणी घालायचं, दहाव्याला समुद्रात सोडायचा, म्हणजे ती मोकळी. घरात मात्र आणायचा नाही.

फ्लॅटला अंगण नाही. फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवला.

१६ जानेवारी

कामावर गेले, घरी बसवेना. इराला शाळेतून घेऊन थेट साइटवर. ती गाडीत बसून राहिली.

भिंतीवर दगड ठेवून पाणी घातलं. तेवढ्यात छपराचे खांब आले, उतरवून घ्यायला गेले. परत आले तर भिंतीवर नुसतं ओलं फडकं.

हन्नाबाई पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. अगं, कुणाचा तरी खडा खाली राहिला होता, म्हणाल्या, म्हणून मीच ठेवला वर. मी सांगितलं तो कसला दगड. त्या घाईनं ओट्यापाशी गेल्या. कुठे ठेवला ते त्यांना दाखवता येईना. पाहुण्यांनी त्यावर आपापले खडे ठेवले होते.

मी शोधू लागले तेव्हा त्यांनी मनगट धरलं. इथला खडा उचलू नये बाई. ठेवणाऱ्याचं येणं त्यात असतं. दुसऱ्याचा उचललास तर तो तुझ्याबरोबर येईल.

त्या गेल्यावर मी उचलला. खारकेएवढा, काळपट. आईच.

१७ जानेवारी

गाडी सुरू केली की सीटबेल्टची घंटी वाजते. शेजारच्या सीटवर दगड ठेवलाय, बाकी काही नाही. पट्टा रिकाम्या सीटवर लावला. थांबली.

आधीही तो तिथेच ठेवत होते. तेव्हा वाजत नव्हती.

१८ जानेवारी

शेजारच्या दाराचं हँडल आतून ओलं. कुणी हात धुऊन धरल्यासारखं.

म्हणजे हा आईचा नाही. मी आईचं नाव घेऊन दुसऱ्याच कुणाला पाणी घातलं. कबरीवर जाऊन आणखी तीन आणले. यातला एक नक्की.

गुरुजींना विचारलं, दगड बदलला तर? ते म्हणाले, मग ती तिथेच अडकणार. काळजीपूर्वक बघा.

१९ जानेवारी

मागच्याही सीटची घंटी. सगळे पट्टे लावून चालवते.

इरा शाळेपाशी गाडीत बसेना. रडत नव्हती. "मम्मा, देअर इज नो प्लेस," म्हणाली. मी हातानं रिकामी सीट थोपटून दाखवली. हात ओला झाला.

टॅक्सीनं घरी आलो.

२१ जानेवारी

आरशात कोणी नाही. गाडी मात्र चढावर दमते, भरलेली असल्यासारखी. आज भर दुपारी काचा आतून धुरकटल्या. एवढ्या जणांचा श्वास —

उद्या दहावा. चारही दगडांना पाणी घातलं. एकाही वेळी आई आहे असं वाटलं नाही.

२२ जानेवारी

सकाळी समुद्रावर पिंड ठेवला. कावळे आले. बसले. शिवले नाहीत. इराला सांभाळीन म्हटलं. मराठी शिकवीन म्हटलं. हलले नाहीत. पिंडाकडे बघतही नव्हते. गाडीकडे बघत होते, मागे इराला समजावून बसवली होती तिकडे.

हन्नाबाईंना फोन केला. रडले. त्या म्हणाल्या, उचललेले सगळे परत ठेव, माफी माग. आणि आई? आधी ते ठेव, म्हणाल्या.

ठेवायला गेले. आई तिथेच राहील, अनोळखी लोकांत. निदान गाडीतले तरी जातील. एक ठेवला, गाडीशी येऊन किल्ली फिरवली, एक पट्टा सोडून पाहिला, घंटी नाही. दुसरा. तिसरा. चौथा. हात धुतले.

गाडी सुरू केली. एक घंटी अजून वाजतेय. मागची. इराची.

पट्टा लावलाय तिनं. ओढून पाहिला. वाजतेय. एका सीटवर दोघांचं —

इराची मूठ बंद. किती दिवस बंद आहे? शाळेत, जेवताना, झोपेत. मी पाहिलंच नव्हतं —

त्या दिवशी तिनं गाडीतून पाहिलं होतं, हन्नाबाईंनी कुठे ठेवला ते. मी खांब उतरवत असताना जाऊन घेऊन आली. "शी डिडन्ट वॉन्ट टु गो इन द वॉटर."

खारकेएवढा. काळपट. कडेला मडक्याची लाल माती. हा. हाच.

दे म्हटलं. अजून उजेड आहे, समुद्र गाठता येईल, दहावा अजून संपला नाही — दे इरा —

तिनं तोंडात टाकला. तोंड उघड म्हणाले. जबडा धरला, बोटं घातली, आत काहीच नाही —

२३ जानेवारी

सकाळी इरा वेळेवर उठली. डब्यात काय देऊ विचारलं. तिनं मराठीत सांगितलं.