कोपऱ्यातल्या खाटा

प्रिय सुमनताई,

ड्युटीवरून आले, डबाही धुतला नाही, तशीच लिहायला बसले. आयसीयूत आज पहिल्यांदा सकाळच्या पाळीची इनचार्ज मी होते. कुठली खाट कुठल्या सिस्टरला द्यायची, हे तुझं काम माझ्याकडे आलं. आणि पहिल्याच दिवशी तुझा राग आला!

तुझी रीतच उफराटी. सगळ्यात सिरियस पेशंट सगळ्यात नव्या मुलीला, आणि तिच्या मागे तू स्वतः उभी. "घाबरू नको वं, मी आहो ना." मला मात्र कायम कोपऱ्यातल्या खाटा, बरे होत आलेले पेशंट.

किती जळायचे मी! रेखा नवी आली, तर तुझा हात तिच्या खांद्यावर. माझ्या खांद्याला काय काटे होते? एकदा विचारलंच, "मलेच काऊन कोपरा देऊन राहिली, ताई?" तू मॉनिटरवरची नजरही काढली नाहीस. "जाय, आपले पेशंट सांभाळ."

मग तूच आमच्याकडे भरती झालीस. सगळ्यात सिरियस तू, म्हणून तुझ्याच रीतीनं तुझी खाट रेखाला. मी पडद्यापलीकडे कोपऱ्यात एका आजोबांना पेज भरवत होते. जाताना शेवटचा हात धरलास तो तिचा. तेव्हा मी रडले ते दुःखानं कमी, हेव्यानं जास्त.

आज दवनीवाड्याची एक बाई आली. बांधीत धानाची रोपं लावताना, रोवणीत, साप चावलेला. व्हेंटिलेटर लावला, नव्या पोरीला तिच्याजवळ ठेवलं आणि मी मागे उभी राहिले. तिथून मान वळवायला फुरसत नव्हती. कोपरा आमच्या मुरलेल्या वंदना सिस्टरला देऊन टाकला होता, तिकडे काय चाललंय याची काळजीच नव्हती.

पाळी संपताना वंदना तोंड फुगवून समोर. "मी तुले दिसत नाही का वं, ताई?"

माझाच जुना प्रश्न तिच्या तोंडी! म्हणजे तू माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस, ती माझ्या भरवशावर? मग सांगायला काय झालं होतं? एका वाक्याला कितीसा वेळ लागतो गं!

आणि कळलं म्हणून रेखाचा हेवा गेला, असं समजू नकोस. भरवसा घेऊन काय करू? मला तो हात हवा होता.

उद्याही कोपरा वंदनालाच देईन. पण मधे एकदा, काही काम नसताना, तिच्या मागे जाऊन उभी राहीन आणि खांद्यावर हात ठेवीन. हे वचन तुला.

तुझी कोपऱ्यातली,
मंदा