पातेल्याचा फोटो

६ ऑक्टोबर
दिवाळीची साफसफाई. कपाटातल्या जुन्या साड्या बाहेर. सूनबाई मीनल म्हणते, "आई, ऑनलाइन विकू." म्हटलं गप. कमळ बोहारीण येईल, भांडं देईल, विषय संपला.
दुपारी आलीच. प्रत्येक साडी उजेडाला धरते, भोकात बोट घालून भोक मोठं करते आणि वर म्हणते, "मावशी, इरलीय ही. अजून एक प्यांट टाका."
"प्यांट टाकली तर घरातला म्हातारा काय घालणार?"
शेवटी तीन साड्यांत मोठं पातेलं काढलं तिच्याकडून. झाकणासकट. शेजारच्या पूजाचं पोर, रुद्र, भांडी वाजवायला आलं नि तिच्या मांडीवरच बसलं. छान दिसलं. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, बघा माझं पातेलं. धाकटी बहीण शोभा, अंबरनाथ वेस्टची, लगेच, "अक्का, तिला माझ्याकडे पाठव."
सगळ्यांचे अंगठे आले. खूश.

११ ऑक्टोबर
सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. सावधान, मुलं पळवणारी बाई आपल्या कात्रप भागात फिरते आहे, सगळ्यांना पाठवा. खाली फोटो. पुढे पाठवणारच होते, बोट ठेवलं होतं. मग कोपऱ्यातली चप्पल दिसली. निळ्या पट्ट्याची. माझी. दार पण माझंच!
पातेलं कापून टाकलेलं. राहिली कमळ आणि मांडीवर रुद्र.
शोभाला फोन. "मी नुसता भिशीच्या ग्रुपवर टाकला गं, पातेलं दाखवायला." तिथून कुठे गेला, कुणी कापला, कुणाला माहीत.
माझा मूळचा फोटो ग्रुपवरून डिलीट केला. मिटलं.

१२ ऑक्टोबर
मिटलं नाही. मीनल हसायलाच लागली. "आई, तुम्ही फक्त तुमच्या फोनमधून काढलात. बाकी सगळ्यांकडे आहे."
मग तसं लिहायला काय होतं बटणावर?
"लिहिलंय आई. चष्मा लावा."
पूजा आली. चिडलेली. "काकू, माझ्या पोराचा फोटो, मला न विचारता?" चुकलं म्हटलं.

१४ ऑक्टोबर
खाली आरडाओरडा. समोरच्या बिल्डिंगच्या गेटवर कमळला धरलेली. एक बाई तिचं बोचकं ओढतेय, एक जण शूटिंग करतोय, "फोटो आहे आमच्याकडे!" गाऊनवर ओढणी टाकून उतरले. पूजा रुद्रला घेऊन मागे. पोर कमळला बघून हात पसरायला लागलं.
म्हटलं, "ही पळवते म्हणे! बघा, कोण कुणाकडे पळतंय."
पूजा म्हणाली, पोर माझं आहे, फोटो काकूंच्या दारातला आहे. मग पांगले हळूहळू. सॉरी एकाच्याही तोंडातून नाही. शूटिंगवाल्याला म्हटलं, ते काढून टाक, माझ्यासमोर. आणि सगळ्यांकडून काढ, मला माहितीय ते बटण.
कमळला वर आणून चहा दिला. अर्धाच प्यायली. "अंबरनाथला तर गेटातच घेत नाहीत मावशी. दिवाळीआधीचेच दिवस असतात आमचे..."
ऐकवेना.

१५ ऑक्टोबर
मीनल म्हणाली, खरं काय ते व्हिडिओ करून सांगू, कमळला शेजारी उभी करा. कमळ उसळली. "परत माझंच थोबाड? फिरलं तेवढं कमी झालं?"
पटलं. मग माझं थोबाड टाका म्हटलं.
"नाव घेऊ का तुझं?"
"नको. भांडीवाली म्हणा."
पातेलं धरून उभी राहिले. रुद्रला घेतलंच नाही, पूजा नुसती बाजूने बोलली. मी म्हटलं, फोटो मी काढला, ती आमची नेहमीची भांडीवाली, पोर शेजारचं, घरात खेळतंय, आणि हे ते पातेलं. ज्यांच्याकडे फोटो असेल त्यांनी काढून टाका, पुढे पाठवू नका. मध्ये 'गाढवांनो' आलं तोंडातून. मीनल म्हणते तेवढं कापू. कापायचं नाही म्हटलं, कापाकापीनेच झालंय सगळं. परत घेतलं, गाढवं वगळून. मीनलने सगळ्या ग्रुपवर टाकलं.

१९ ऑक्टोबर
उल्हासनगरला पडद्याचं कापड घ्यायला. सिंधी दुकानदार मापता मापता थांबला. "अरे, आप वो पतीलेवाली आजी?" चहा मागवला, खारी पण. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
घरी येते तर मीनलच्या फोनवर माझं स्टिकर. हातात पातेलं, तोंड उघडं, खाली गुड मॉर्निंग. मला कुणी विचारलं? हसू आलं. मग नाही आलं.
तोंड तरी मिटलेलं घ्यायचं.

२२ ऑक्टोबर
ग्रुपवर आता कुणी 'सावधान' टाकलं की विचारते, कुठलं? कधीचं? तुम्ही स्वतः पाहिलंत? सेक्रेटरी म्हणतात, "काकू, तुम्ही उलटतपासणी घेता." घेते.
कमळ आली. आमच्या वॉचमनने सोडली. म्हाताऱ्याची प्यांट दिली शेवटी, चाळणी घेतली. ती चाळणीतून रुद्रला भो करत होती. हात फोनकडे गेला. विचारलं, काढू?
"नको मावशी."
बरं. ठेवला.
अंबरनाथला अजून जात नाही ती. शोभाने साड्या बांधून ठेवल्यात, पण तिच्याच गेटवर तो फोटो छापून चिकटवलाय म्हणे, वॉचमन काढू देत नाही. उद्या मीच जाते कमळबरोबर. तीच हसते, "तुम्हाला तरी आत सोडतील का?"
पातेलं घेऊन जाते. ओळख पटायला.