क्रुसाआधीचं स्तोत्र

सिस्टर, मी तुमच्या देशात आहे. लेकीकडे उन्हाळा काढायला म्हणून आम्ही दोघं आलो आणि महामारीत विमानं बंद झाली म्हणून स्लायगो या आयरिश गावात अडकलो. इथे दुकानात एखादी म्हातारी बोलायला लागली की मला तुमचाच आवाज ऐकू येतो आणि या वयातही पाठ ताठ होते. तुम्हाला जाऊन जन्म लोटला, माझा राग मात्र शाबूत आहे.

कॉन्व्हेंटमधला आठवीचा वर्ग आहे. तुम्ही बायबलातलं, मुळात ज्यूंचं, बाविसावं स्तोत्र इंग्रजीत पाठ करून घेताय. देव दूर गेला म्हणून आक्रोश करणारा माणूस, खापरासारखा सुकलेला घसा, मोजता येतील अशी हाडं, कपडे वाटून घेणारे लोक. ‘‘हे येशूविषयी आहे,’’ तुम्ही म्हणता, ‘‘शेकडो वर्षं आधी लिहून ठेवलेलं.’’ मी हात वर करते. ‘‘पण सिस्टर, ज्यानं लिहिलं त्याला काय झालं होतं?’’

‘‘त्याला काही नाही. तो नुसता निरोप्या.’’

‘‘काही न होता एवढा रडला?’’

वर्ग हसला आणि मी व्हरांड्यात. तिथे उभी राहून मी त्या अनोळखी ज्यू माणसासाठी चिडले होते. त्याचं स्वतःचं दुःखसुद्धा तुम्ही त्याच्याकडे राहू दिलं नाहीत.

निवृत्तीनंतर मी यावर पुष्कळ वाचलं. येशूचे पहिले लोक ज्यूच होते. त्यांचा माणूस हाल करून मारला गेला आणि त्याबद्दल बोलायला त्यांच्यापाशी शब्द नव्हते. मग ते लहानपणापासून पाठ असलेल्या स्तोत्रांकडे गेले. तिथे त्यांना त्याचा घसा सापडला, त्याचे कपडे सापडले. क्रुसाची गोष्ट त्यांनी त्याच शब्दांत सांगितली. त्याला मी चोरी म्हणणार नाही. घरचंच होतं ते. पुढे परके आले आणि घरच्यांनाच म्हणाले, तुमचं पुस्तक तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही त्या परक्यांतल्या, सिस्टर. हे तुम्हाला तोंडावर सुनावायचं होतं. तुम्ही आधीच निसटलात.

मग जानेवारीत आमचे हे गेले. हॉस्पिटलात आत सोडत नव्हते. नर्सनं यांच्यासमोर व्हिडिओ कॉलवर फोन धरला होता. ऑक्सिजननं ओठ सोलवटलेले, हे ‘पाणी’ म्हणाले, आणि मी इकडे लेकीच्या स्वयंपाकघरात नळाशेजारी उभी. दुसऱ्या दिवशी यांचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी आले.

‘‘आई, पुण्याचे गुरुजी झूमवर यायला तयार आहेत,’’ लेक म्हणाली.

‘‘तुझ्या बाबांनी बजावून ठेवलंय. मोबाइलमधले मंत्र ऐकायला मी थांबणार नाही म्हणाले होते.’’

‘‘मग तू म्हण काहीतरी. बाबांना असं मुक्यानं नाही न्यायचं.’’

इथे गावात दहनाची सोय नाही, दुसऱ्या काउंटीत न्यावं लागतं. गाडी निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी आपापल्या दारात उभे होते. कुणालाच जवळ येता येत नव्हतं. यांना ओळखतही नव्हते बहुतेक. त्या थंडीत टोप्या काढून उभे राहिले.

शवपेटीसमोर मी अभंग म्हणणार होते. तोंड उघडलं तर एकही ओळ आठवेना. आलं ते तुमचं स्तोत्र, तेही मराठीत, शब्द जसे सुचतील तसे. घशाच्या ओळीशी आले तेव्हा मला यांचे ओठ दिसले. कपड्यांशी आले तेव्हा ती पिशवी. त्या क्षणी ते दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या दुःखात लिहिलं असेल हे मला मान्यच नव्हतं. ते यांच्याविषयी होतं. स्तोत्राच्या शेवटी तो माणूस देवाचे आभार मानायला लागतो. त्याच्या आधीच मी थांबले.

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्हाला कुठे पुरलंय तेही ठाऊक नाही. पण एक गोष्ट लेकीलाही सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. बाहेर पडताना अंत्यविधीवाला टोपी हातात धरून जवळ आला, दोन हात लांब थांबला. ‘‘भाषा कळली नाही, मिसेस, पण फार सुंदर होतं. तुमच्या लोकांचं आहे का ते?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं, ‘‘आमचंच.’’

दुरुस्त करावंसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.