नवऱ्याचे सलून विकू देऊ नये म्हणून

प्रति,
मा. न्यायाधीश साहेब,
पालकत्व व मालमत्ता देखरेख न्यायालय.

विषय: नवऱ्याच्या सलूनचा गाळा विकण्यास मुलाने मागितलेली परवानगी नाकारणेबाबत.
संदर्भ: मुलास वडिलांच्या मालमत्तेचा व्यवस्थापक नेमल्याचा आपला हुकूम.

महोदय,

१. अर्जदाराचा थोरला मुलगा जन्मदात्या बापाला तिजोरीतल्या दागिन्यासारखे कुलपात ठेवतो, अशी अर्जदाराची तक्रार आहे. अर्जदार बाईने शाळा जेमतेम पाहिली आहे. तरी शुद्धलेखनाकडे कानाडोळा करावा, मजकुराकडे करू नये.

२. अर्जदाराच्या नवऱ्याने उभा जन्म लोकांचे केस कापले. पुढे त्यांना विसर पडू लागला, घरची माणसे ओळखेनात, तेव्हा आपण मुलाला नेमले. मुलगा चोर नाही. चोर असता तर अर्जदार दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. तो भित्रा आहे. गाळा रिकामा का, असे विचारणारा आपल्या कार्यालयाचा कागद आला, तसे त्याने घाबरून सलून मोबाइलवाल्याला भाड्याने दिले. आरसे उतरवले, खुर्च्या माळ्यावर टाकल्या.

३. नवरा मात्र रोज आंघोळ करून तिथेच जाई आणि मोबाइल बघणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मानेवर हात ठेवून "जरा खाली बघा" म्हणे. दुकानदाराने कटकट केली. तेव्हापासून मुलगा कामावर जाताना बापाच्या खोलीला कुलूप लावतो आणि किल्ली सोबत नेतो. घरात ठेवली तर आई दार उघडेल, असा त्याला संशय आहे. तो रास्त आहे. अर्जदार नवऱ्याला खिडकीच्या गजांतून जेवण देते.

४. एकदा मुलगा खोलीला कुलूप लावून कामाला निघतच होता, तेवढ्यात आपले तपासनीस पाहणीला आले. त्यांनी पासबुक पाहिले, भाडेपावत्या पाहिल्या, चहा घेतला. आतून दार वाजत होते. आत कोण, असे त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला, वडील. त्यावर त्यांनी "मालमत्ता सुरक्षित" असा शेरा लिहिला आणि चप्पल घातली.

५. आता गाळाच विकला की बाप तिकडे जाणार नाही, असा मुलाचा हिशेब आहे. साहेब, रविवारी मुलगा घरी असतो, म्हणून दार उघडे असते. काल नवऱ्याने अर्जदाराला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवले, गळ्याभोवती टॉवेल खोचला आणि केस विंचरत विचारले, "कुठून आलात आपण?" अर्जदार म्हणाली, लांबून. ते म्हणाले, "मग बसा निवांत." एवढ्या संसारात ते अर्जदाराशी इतके मऊ कधी बोलले नव्हते.

तरी गाळा विकण्याची परवानगी नाकारावी आणि खोलीचे कुलूप काढण्याचा हुकूम व्हावा. भाड्याची मुदत संपताच सलूनमध्ये एक खुर्ची आणि एक आरसा परत लावू द्यावा. वस्तरा-कात्री त्यांच्या हाती देणार नाही, तेवढी अक्कल अर्जदारास आहे. नुसता कंगवा पुरे. गिऱ्हाईक न आल्यास अर्जदार स्वतः खुर्चीत बसेल.

आपली,
सहसा कोणापुढे न वाकणारी, आज नम्र,
अर्जदार (सलूनवाल्याची बायको)
सोमवार, सकाळ

ता. क. पाठीमागून कागद करणे अर्जदाराच्या स्वभावात नाही. म्हणून मुलगा कामाला निघताना त्याला उंबऱ्यातच थांबवून हा अर्ज वाचून दाखवला. तो म्हणाला, "आई, उद्या बाबांना रस्त्यात काही झालं तर कोर्ट मला धरेल." त्यावर अर्जदार त्याला जे बोलली, ते साहेबांनीही ऐकावे:

"धरू दे. बापाची काडीसुद्धा तू इकडची तिकडे होऊ दिली नाहीस, हे मी लिहून दिलंय. पण बापालाही हलू दिलं नाहीस रे. किल्ली इथं ठेव आणि जा कामाला."