आईने कापलेली बिअरची बातमी

ती. आईस,
वाकून नमस्कार. बाबांनाही, पण जरा दटावून.

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. बेताने घेतलेली बिअर हृदयाला बरी असू शकते म्हणे! मी बिअरच्या कारखान्यात लागले म्हणून महिनाभर अबोला धरणारी तू, आणि तूच कात्री घेऊन बसलीस?

आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "फायदा असेलही, पण खात्री नाही. औषध म्हणून तर कुणी सुरू करूच नये." बाबांना हे मोठ्याने वाचून दाखव. बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतात ना? मागच्या पत्रात तू त्यावर काहीच लिहिलं नाहीस.

माझी काळजी नको. चव बघायची म्हणजे घोटभरच, आणि मुख्य काम वासाचं. दूध नासणार हे तुला आधीच वासावरून कळतं ना, तशी मला बिघडलेली बिअर पिंपाचं झाकण काढताच कळते. परवा मुकादमांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

शेजारच्या काकूंना तू अजून सरबताचा कारखानाच सांगतेस का? आता खरं सांगून टाक. आणि हे नाक मी कुणाचं घेतलंय, तेही सांग.

तुझीच,
धाकटी