आरोंद्याला न पोचलेलं कोडं

प्रिय टीचर,

रविवारी तुम्हाला जाऊन महिना होईल, चर्चमध्ये तुमच्या महिन्याचा मिस्सा आहे. काल तुमची भाची रीना म्हणाली, "बाबल, टीचरविषयी दोन शब्द तू बोल हां." मी! ती मला अजून भला माणूस समजते. म्हणून चारचौघांत तोंड उघडण्याआधी तुम्हाला खरं सांगून टाकतो.

ते कोडं मी आत्मारामकाकांना दिलंच नव्हतं.

लिहिलं एकदाचं. अक्षर आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. नववीपर्यंतचीच शाळा माझी, आणि तीही खिडकीबाहेर बघत.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो कौलं परतायला, आठवतं? खाली पडवीत तुम्ही काकांना कोडं घालत होता. "पाच जणांचं घर. मध्यम आणि निषाद दारावरूनच परत जातात. कोण?" काका पेटीवर नुसती बोटं फिरवत बसलेले. जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस, पण घाटात अडकल्यासारखा चेहरा! मी वर कौलं मोजता मोजता शीळ घातली. तुम्ही डोळ्यांवर हात धरून अंगणात आलात.

"रे, ह्या काय वाजवलंस?"

"काय म्हायत! आमच्या देवळात सोमवारच्या भजनात म्हणतत."

"नाव ठावक नाय?"

"नाय."

"बरा झाला! ह्या घरात उत्तर गावचा नायतर वाजवचा. नाव सांगितला काय बाद."

तो पाच सुरांचा भूप राग होता हे मला नंतर कळलं. शाळेत सगळ्यांनी मला नावंच विचारली, टीचर. नाव येत नाही म्हणून कुणी आत घेतलेलं ते एकच घर. त्या दिवशी तुमची चार कौलं फोडली आणि तरीही रविवारच्या कोड्यांत मी तिसरा भिडू झालो.

आणि त्याच नियमावरून तुमचं आणि काकांचं बिनसलं. उत्तर सापडल्याच्या आनंदात काकांच्या तोंडून रागाचं नाव निघालं. तुम्ही लगेच, "बाद!"

"चाळीस वर्षां पेटी वाजवतंय, बाई. माका बाद करतंस?"

"नियम तो नियम, आत्माराम."

काकांनी पेटीचा भाता मिटला, चप्पल घातली, आणि आठवड्याभरात लेकीकडे आरोंद्याला राहायला गेले. मला आधी हसूच आलं होतं. दोन पिकली डोकी पोरांसारखी भांडतात! पण पुढचे दोन रविवार तुम्ही पडवीत तीन खुर्च्या मांडल्यात आणि आपण दोघंच बसलो, तेव्हा हसू गेलं.

मग तुमच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तुम्ही वहीचं पान फाडून कोडं लिहिलंत, चार घड्या घातल्यात आणि माझ्या हातात दिलंत. मी म्हटलं, "फोन लावा की काकांना." तुम्ही म्हणालात, "कोडा घालणाऱ्यान पाठसून धावूचा नसता. कोडा धाडूचा. तेका कळतला." तुमच्या कोड्यांच्या जगात कोडं धाडणं म्हणजेच 'ये' म्हणणं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही मला.

मी निघालो हो! अगदी सरळ निघालो. सावंतवाडीला उतरलो. आरोंद्याच्या गाडीला तासभर होता. तेवढ्यात जुना मित्र भेटला, त्याची आंबोलीला भज्यांची टपरी. "दोन दिस हाताखाली ये रे, गर्दी आसा." दोन दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे झाले. तिथे धुकं असं येतं टीचर, की कढईतली भजी दिसत नाहीत, नुसत्या आवाजावरून उलटावी लागतात, आणि समोरच्या गाडीवाल्याकडे एक कुत्रा होता जो... बघा, पुन्हा वाट सोडली. कबुली देतानाही माझं हे असं.

तुमचा पहिला फोन आला. "दिलंस मा आत्मारामाक?"

तेव्हाच 'नाय' म्हणालो असतो तर? चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि संध्याकाळी आरोंद्यात असतो. पण तोंडातून निघालं, "होय, दिलंय. इचार करतत."

आठवड्याने दुसरा फोन. तुमचा आवाज बारीक झाला होता. "अजून इचार करता? कोडा तसा कठीण नाय रे. माझ्यावर रागान तर नाय मा तो?"

"नाय ओ टीचर. कामात आसत."

कामात! अठ्ठ्याहत्तरीचा माणूस लेकीच्या ओट्यावर बसून खाडी बघत होता, आणि मी त्याला कामाला लावला. तुम्ही फक्त "बरा" म्हणालात. आणि मी फोन ठेवून पुढची भजी कढईत सोडली.

नंतर रीनाचाच फोन आला. मी हातातला झारा टाकून धावलो. त्या दिवशी मात्र वाटेत कुठेच थांबलो नाही. काय उपयोग?

दफनाच्या वेळी काका फाटकाशी उभे होते. रीनाला म्हणाले, "माका एकदा बोलावचा तरी होता गो तिना." मी दोन हातांवर होतो आणि कागद माझ्या पिशवीत होता. तेव्हाही मी गप्प राहिलो, टीचर. एक खोटं झाकायला दुसरं बोलावंसुद्धा लागलं नाही, नुसतं गप्प राहून भागलं.

परवा गेलो आरोंद्याला. कागद काकांच्या हातात दिला, सगळं सांगितलं. ते मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. कागदावर भज्यांच्या तेलाचा डाग पडलाय. त्यांनी तो बोटाने पुसून पाहिला आणि मोठ्याने वाचलं:

"नाव सारंगांचं लावतो. पण सारंगांच्या घरात गंधाराला उभं करत नाहीत, आणि ह्याचा तर जीव गंधारावर. सरळ चालेल तर शपथ! एक पाऊल पुढे, एक मागे. पण दुपारच्या वेळेला घरी येतो. कोण?"

तीन आठवडे आंबोलीत, मग जवळजवळ महिनाभर घरी माझ्याजवळ होतं आणि मी एकदाही उघडलं नाही. नको तिथे शहाणा!

काकांनी पेटी ओढली. ग रे म ग. पुढे जाऊन मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. असा चुकत माकत गेला तो सूर, आणि शेवटी प रे सा करून खाली येऊन बसला. गौड सारंग, दुपारचा राग. काकांचे डोळे भरले होते. म्हणाले, "ह्या माका पाच मिनटांत सुटला असता. ह्या ती माझ्यासाठी कित्याक धाडतली? ह्या तुझ्यासाठीच लिवलेला, उंडग्या."

मला बरं वाटावं म्हणून बोलले असतील. माझा काही विश्वास नाही. तुम्ही त्यांनाच बोलावत होतात, आणि बोलावणं माझ्या पिशवीत पडून होतं. पण त्या ओळींत दुपारी घरी येणारा कोण, हे विचारायला आता कुठे जाऊ?

मग काका म्हणाले, "उत्तर दिलंय खरा. पण घालणारा आयकूक नाय, तर ता उत्तर कसला?"

म्हणून ऐका. रागाचं नाव मी वर लिहून बसलोय, म्हणजे नियमाने मी बाद. चालेल. काका बाद नाहीत. ते रागावले नव्हते, टीचर. त्यांना कागदच मिळाला नव्हता. हे मी रविवारी सगळ्यांसमोर, रीनासमोर, सांगणार. मग दुपारी काका तुमच्याजवळ बसून उत्तर वाजवतील.

शनिवारी त्यांना आणायला मीच जातोय. येताना पेटी माझ्या मांडीवर असेल. गाडी सावंतवाडीला थांबेल, कुणीतरी हाक मारेलच.

मी उतरणार नाही.

तुमचा उंडगो,
बाबल